थोडक्या पैशांत एरोबार : घेण्यापूर्वी काय पाहावे?



२०१९ साली मिरामारला ‘आयर्नमॅन ७०.३ गोवा’ ही स्पर्धा प्रथम भरली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप. अशा स्पर्धांतील सायकलींच्या हँडलवर पुढे शिंगांसारखे दोन दांडे असतात. ते पाहून आपल्याही सायकलला तसे दांडे हवेत, असा हट्ट पेडणे-डिचोलीतील बऱ्याच घरांत सुरू होतो. म्हणून त्यांची माहिती येथे देत आहोत.

या दांड्यांना एरोबार म्हणतात. साध्या रेसर सायकलच्या हँडलवर बोल्टने बसवता व काढता येतो तो ‘क्लिप-ऑन’ प्रकार. नवीन खास सायकल घेण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

उपयोग कशाचा?

टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक स्पर्धक ठरावीक अंतराने एकटा सुटतो. दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवता येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २० वरून ३० किलोमीटरवर गेलो, तर विरोध सव्वादोन पट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ३.४ पट. हा विरोध मुख्यतः आपल्या शरीराचा असतो, सायकलचा कमी. कोपरे आत घेऊन, पाठ वाकवून बसले की वाऱ्यासमोरचे अंग लहान होते. एरोबारचे काम एवढेच.

१९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये अमेरिकेचा ग्रेग लेमॉन्ड शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने एरोबार वापरले, लोराँ फिन्याँने नाही. लेमॉन्डने त्याला ५८ सेकंदांनी मागे टाकले आणि अवघ्या ८ सेकंदांनी स्पर्धा जिंकली. सारे श्रेय दांड्यांचे नव्हे; पण त्यानंतर हे दांडे सर्वत्र दिसू लागले.

निवडताना

१. हँडलची जाडी मोजा. हल्लीच्या रेसर हँडलची मधली जाडी बहुधा ३१.८ मिलिमीटर असते, जुन्यांची २६ किंवा २५.४. शेवटच्या दोन मापांतला फरक नजरेला कळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर यासाठीच वापरा. पकड सैल राहिली तर कोपरांचा भार पडताच दांडे खाली फिरतात.

२. हँडल कार्बनचे असेल, तर कंपनीची स्पष्ट परवानगी असल्याशिवाय त्यावर काहीही आवळू नका. ते चिरडू शकते.

३. कोपराच्या गाद्या आणि दांड्यांची लांबी मागे-पुढे होणारी हवी. वाढत्या वयात हात लांबतात. न हलणारा स्वस्त बार वर्षभरात अपुरा पडतो. पैसे जास्त घालायचे तर येथे घाला.

४. ॲल्युमिनियमचा बार पुरेसा आहे. कार्बनचा थोडा हलका असतो, पण सपाट रस्त्यावर त्या हलकेपणाचा फायदा नगण्य.

५. जुना बार घेताना बोल्टच्या भोवती तडे आहेत का ते पाहा. मोरजी, केरीसारख्या किनारी भागांत खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजतात. ते बदलून, ग्रीस लावून बसवा. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा बहुतेकदा जवळच छापलेला असतो. त्याहून जास्त आवळू नका.

बसवल्यावर एकाने सायकल घट्ट धरावी आणि दुसऱ्याने गाद्यांवर पूर्ण भार द्यावा. दांडे जरासेही हलले, तर रस्त्यावर जायचे नाही.

खरा धोका

एरोबारवर हात असले की बोटे ब्रेकपासून दूर जातात. अचानक गुरे आडवी आली, तर हात ब्रेककडे नेण्यात जाणारा क्षणच महागात पडतो. हात जवळ आल्यामुळे हँडलही चंचल होते. गटाने धावणाऱ्या रस्ता-शर्यतींत आंतरराष्ट्रीय सायकल संघटना हे बार चालू देत नाही, ते याचसाठी. एप्रिल २०२१ पासून तर अशा शर्यतींत नुसते हँडलवर कोपरे टेकवण्यासही तिने बंदी घातली.

म्हणून धारगळ-पत्रादेवीच्या महामार्गावर, डिचोलीत खनिजवाहू ट्रकांच्या वाटेवर, बाजारात, पावसात, उतारावर किंवा मित्रांच्या घोळक्यात हात एरोबारवर नकोत. मोपाच्या सड्यावर आडवा वारा लागला, तर हात लगेच मुख्य हँडलवर आणावेत. पहिला सराव घरी, सायकल स्टँडवर स्थिर करून करावा. नंतर मोकळ्या मैदानावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली. हेल्मेट नेहमीच हवे.

आधी काय करावे?

पालकांना एक सांगणे. मुलाचा वेग अजून ताशी २० किलोमीटरच्या आसपास असेल, तर एरोबारची घाई नको. आधी चांगले हेल्मेट, नवे ब्रेक-रबर आणि टायरमध्ये योग्य हवा यांवर खर्च करा. फडफडणाऱ्या शर्टाऐवजी अंगाला बसणारी बनियन घालावी आणि खालच्या हँडलला धरून कोपरे वाकवायला शिकावे. यातूनही वारा बराच चुकतो, आणि बोटे ब्रेकवरच राहतात. ही बैठक अर्धा तास न थकता जमू लागली, की मग एरोबारचा विचार करावा.