विहिरीतली बाई आणि घरातला पडदा

भुताने घरात कसे शिरावे, याचे काही दंडक आपल्याकडे पूर्वापार ठरलेले आहेत. ते पिंपळावरून उतरते, तिन्हीसांजेला पाणवठ्यावर गाठते आणि उंबऱ्याशी लिंबू-मिरची टांगलेली असली तर मागच्या पावली परत फिरते. १९९८ साली हिदेओ नाकाता या जपानी दिग्दर्शकाने हे सारे दंडक मोडीत काढले. त्याच्या ‘रिंग’ या चित्रपटातली सादाको विहिरीतून वर येते आणि टीव्हीच्या काचेतून थेट घरात उतरते. तिला घरात आणणारी वस्तू म्हणजे एक साधी व्हिडिओ कॅसेट. ती पाहील तो सात दिवसांत मरतो. सुटकेचा मार्ग एकच. कॅसेटची नक्कल करायची आणि ती दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची.

त्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. आज मात्र तो जुळला आहे. तेव्हा शहाद्या-तळोद्यात कुणी ‘रिंग’चे नाव ऐकले असण्याची शक्यता नव्हती. आज जपानी, कोरियन, थाई, इंडोनेशियन भयपट आणि मारधाडपट घरबसल्या मिळतात आणि त्यांतले कित्येक हिंदी बोलतात. जुन्या चित्रपटांच्या चकचकीत प्रतीही निघाल्या आहेत. ब्रिटनच्या अ‍ॅरो व्हिडिओने २०१९ मध्ये ‘रिंग’ नव्याने स्वच्छ करून बाजारात आणला, तर अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने कोबायाशींचा ‘क्वाइदान’ (१९६४) आणि शिंदो यांचा ‘कुरोनेको’ (१९६८) डिस्कवर आणले. एके काळी फिल्म सोसायटीच्या सभासदांनाच, तेही नशिबाने, पाहायला मिळणारे हे चित्रपट. आज ते कुणाच्याही हाती लागू शकतात.

आपल्या भागात घरी चित्रपट पाहण्याची सुरुवात अशी नव्हती. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला. मी बँकेत नोकरीला लागलो तो हाच काळ. कर्जाच्या अर्जांत पिठाची गिरणी, म्हैस, शिलाई मशीन यांच्या रांगेत ‘व्हिडिओ व्यवसाय’ येऊन बसला. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी रात्रभरासाठी भाड्याने आणायच्या, अंगणात सतरंज्या अंथरायच्या आणि पहाटेपर्यंत पाहायचे. त्यात एखादा तरी कराटेचा किंवा भुताचा चित्रपट असायचाच. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ने (१९८४) किती पोरांना रात्री परसाकडे जाण्याचे बंद केले, त्याची मोजदाद नाही. पुढे सीडी आल्या, मग दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून देणारी दुकाने आली आणि २०१६ नंतर स्वस्त डेटा आला. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर अजूनही रेंजसाठी टेकडी चढावी लागते. पण जिथे रेंज आहे, तिथे सतरंजी गुंडाळली गेली आहे. जो तो आपापल्या गोधडीत आपापला पडदा घेऊन घाबरतो.

या परदेशी भुतांकडे जरा निरखून पाहिले तर ती मुळीच परकी वाटत नाहीत. थायलंडच्या ‘नांग नाक’ (१९९९) या चित्रपटातली नायिका बाळंतपणात मेलेली आहे. लढाईहून परतलेल्या नवऱ्याला ती जिवंत असल्यासारखी घरात भेटते, त्याला रांधून वाढते. या नाकचे बँकॉकमध्ये देऊळ आहे आणि लोक तिला नवस बोलतात. इंडोनेशियात १९८१ साली ‘सुंदेल बोलोंग’ नावाचा चित्रपट आला. त्यातल्या बाईच्या पाठीला भोक आहे, म्हणून ती पाठ केसांनी झाकते. आणि आपली हडळ? समोरून भरल्या अंगाची, मागून नुसता सापळा. इंग्रजी अमदानीत लोकसमजुतींची टिपणे करणाऱ्यांनी तिचे हेच वर्णन लिहून ठेवले आहे. तीही बहुधा बाळंतपणात किंवा ओल्या बाळंतिणीच्या अवस्थेत गेलेली. जावा बेटापासून खानदेशापर्यंत माणसांनी एकमेकांना न विचारता एकच भूत कसे घडवले?

माझ्या मते याचे उत्तर फार गूढ नाही. बाळंतपणात बाया मरत होत्या आणि त्या सर्वत्र मरत होत्या. मागे राहिलेल्यांना ते मरण पचत नव्हते. आपल्याकडून काही राहून गेले, ही टोचणी रात्री पांढऱ्या लुगड्यात येऊन उभी राहत होती. धडगाव-अक्कलकुव्याच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बांबूला बांधलेल्या झोळीतून अडलेल्या बाईला डोंगर उतरून रस्त्यापर्यंत आणावे लागते, ही गोष्ट या जिल्ह्यात इतिहासजमा झालेली नाही. नर्मदेच्या पाण्यावर इथे तरंगता दवाखाना चालवावा लागला. ज्या मुलखात असे आहे, तिथे हडळीची गोष्ट नुसती करमणूक राहत नाही.

पुन्हा सादाकोकडे येऊ. ती विहिरीत कशी गेली? चित्रपटात तिच्या आईला, शिझुकोला, अतींद्रिय शक्ती असते. पत्रकारांपुढे तिचा प्रयोग होतो, तिला लबाड ठरवून तिच्यावर ओरडा होतो, आणि पुढे ती जीव देते. मुलीला विहिरीत ढकलले जाते. या कथेमागे एक खरी सावली आहे. १९१० साली तोक्यो इम्पीरिअल विद्यापीठातल्या फुकुराई या प्राध्यापकाने मिफुने चिझुको नावाच्या तरुणीवर असेच प्रयोग केले. वृत्तपत्रांनी तिच्यावर लबाडीचा आरोप केला आणि १९११ च्या जानेवारीत तिने विष घेतले. जपानी दंतकथेतली ओकिकू तर त्याहून जुनी. दहा थाळ्यांपैकी एक हरवल्याचा खोटा आळ येऊन ती मोलकरीण विहिरीत गेली. ती रात्री नऊपर्यंत मोजते आणि हुंदका देते. हिमेजीच्या किल्ल्यात ‘ओकिकूची विहीर’ आजही दाखवतात. ‘कुरोनेको’मधल्या सासू-सुनेवर सामुराई अत्याचार करतात, त्यांचे घर जाळतात, मग त्या दोघी भुते होऊन सामुराईंना गाठतात. म्हणजे आधी आळ किंवा अत्याचार, मग मरण आणि शेवटी भूत, असा हा क्रम आहे.

आपल्याकडे हा क्रम उलटा लागतो. जिवंत बाईलाच आधी भूत ठरवायचे. सातपुड्यात तिला ‘डाकीण’ म्हणतात. घरात मूल आजारी पडते, गुरे मरतात, बडव्याला विचारले जाते आणि बोट एखाद्या बाईकडे वळते; बहुधा विधवा, एकटी, कधी जमिनीच्या तुकड्याची वारसदार. मग मारहाण, गावाबाहेर काढणे, कधी त्याहून भयंकर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कायदा आवश्यक होता, तो आला हे उत्तम झाले. पण रात्री अकरा वाजता तापाने फणफणलेले पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बापाच्या मनात शिरण्याची सोय कोणत्याही कायद्यात नसते.

त्या मनात चित्रपट मात्र शिरतो. म्हणून तो काय घेऊन शिरतो, हे पाहिले पाहिजे. कोरियाच्या ना होंग-जिन यांचा ‘द वेलिंग’ (२०१६) हा या प्रकारातला फार ताकदीचा चित्रपट. डोंगरातल्या गावात विचित्र आजार पसरतो, जंगलात राहणाऱ्या एका परक्या माणसाकडे बोटे वळतात, पोलीस असलेला नायक आजारी मुलीसाठी मांत्रिक आणतो. बापाची तगमग इतकी खरी आहे की पाहवत नाही. पण शेवटाकडे चित्रपट गावाच्या संशयालाच बळ देतो. सोलमध्ये हा एक चलाख खेळ म्हणून पाहिला जाईल. ज्या पाड्यावर गेल्या पावसाळ्यात कुणा म्हातारीचे नाव घेतले गेले, तिथे तो तसाच पाहिला जाईल का?

यावर कुणी लगेच बंदीची मागणी करील. मी करणार नाही. बंदी घातलेली वस्तू पूर्वी मेमरी कार्डात सापडायची, आता आणखी सोपी सापडेल. शिवाय ‘रिंग’, ‘नांग नाक’ किंवा ‘कुरोनेको’ यांच्याइतक्या कळकळीने पीडित बाईची बाजू मांडणारी व्याख्याने मी फारशी ऐकलेली नाहीत. भीती वाटून झाली की हे चित्रपट पाहणाऱ्याला मागे नेतात आणि ती कोण होती, तिला कुणी मारले, हे विचारायला लावतात. हा प्रश्न आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलांपुढे, महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात, गावातल्या वाचनालयात विचारता येईल. एक पडदा, एक सतरंजी आणि नंतर अर्धा तास बोलणे, एवढाच खर्च आहे. बोलणे भिलीत, पावरीत, अहिराणीत झाले तर फारच चांगले, कारण हिंदीत घाबरलेला माणूस धीर मात्र आपल्या भाषेतच शोधतो.

‘रिंग’मधला शाप दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय सुटत नाही. शेवटी नायिका मुलाला वाचवण्यासाठी कॅसेट घेऊन निघते ती स्वतःच्या म्हाताऱ्या वडिलांकडे. आपले संकट टळावे म्हणून ते घरातल्या वा गावातल्या दुबळ्यावर लोटायचे, हा जुनाच व्यवहार आहे. डाकीण ठरवणारा गावही तेच करतो. म्हणून हे चित्रपट अवश्य पाहावेत. जमल्यास एकट्याने पाहू नयेत. आणि विहिरीतून हात वर आला की, डोळे मिटण्यापूर्वी, तिला आत कुणी ढकलले ते शेजारच्याला विचारावे.