सत्तेला सलणारे महापौर

१९ मार्च २०२५ रोजी पहाटे तुर्कस्तानच्या पोलिसांनी इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना त्यांच्या निवासस्थानातून ताब्यात घेतले. आदल्याच दिवशी इस्तंबूल विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली होती. तुर्कस्तानच्या राज्यघटनेनुसार अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उच्च शिक्षण पूर्ण केलेले असणे बंधनकारक आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन घटनांमध्ये अवघ्या एका रात्रीचे अंतर का होते, याचा उलगडा होतो. चार दिवसांनी, २३ मार्चला, न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून त्यांची रवानगी तुरुंगात केली. नेमक्या त्याच दिवशी त्यांचा रिपब्लिकन पीपल्स पक्ष त्यांना अध्यक्षपदाचा उमेदवार ठरविण्यासाठी देशभर मतदान घेत होता. पाठोपाठ गृहखात्याने त्यांना महापौरपदावरून निलंबित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रात सरकारी पक्षाने त्यांच्यासाठी दोन हजार वर्षांहून अधिक तुरुंगवासाची मागणी केली. इमामोग्लू यांनी सर्व आरोप फेटाळले. न्यायसंस्था स्वतंत्र आहे, हे सरकारचे त्यावरील ठरलेले उत्तर.

एका शहराच्या महापौरासाठी राज्ययंत्रणेने एवढा खटाटोप का करावा? या प्रश्नाचे उत्तर तुर्कस्तानात रेसिप तय्यिप एर्दोगान यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणे शक्य नाही. कारण ते स्वतः याच खुर्चीवरून आले आहेत.

मार्च १९९४ मध्ये एर्दोगान इस्तंबूलचे महापौर झाले तेव्हा त्यांच्या रेफाह पक्षाला शहरात जेमतेम पाव हिस्सा मते होती. विरोधकांची मते विभागली गेली होती. पराभूतांमध्ये झुल्फू लिवानेली हे नामवंत संगीतकारही होते. शहराची अवस्था बिकट होती. नळाला पाणी नव्हते, कचऱ्याचे ढीग साचले होते आणि हिवाळ्यात कोळशाच्या धुराने श्वास घेणे मुश्कील होत असे. धर्मनिरपेक्षतेच्या रक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतलेल्या सेनाधिकाऱ्यांना आणि न्यायाधीशांना या इस्लामवादी महापौराच्या विचारांची धास्ती होती. सामान्य इस्तंबूलकराला मात्र पाणी आले की नाही, एवढेच दिसत होते. आणि पाणी आले. डिसेंबर १९९७ मध्ये सिर्त येथील सभेत त्यांनी म्हटलेल्या एका कवितेवरून धार्मिक विद्वेष पसरविल्याचा खटला भरला गेला. १९९८ मध्ये दहा महिन्यांची शिक्षा झाली, महापौरपद गेले आणि १९९९ मध्ये चार महिने त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात काढले. त्यांची कारकीर्द संपली, असा निष्कर्ष अनेक जाणत्यांनी काढला होता. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांच्या नव्या पक्षाने संसद जिंकली, घटनादुरुस्तीने त्यांच्यावरील बंदी उठली आणि मार्च २००३ मध्ये, ज्या सिर्तमधील भाषणाने पद गेले होते त्याच सिर्तमधून पोटनिवडणूक जिंकून ते पंतप्रधान झाले.

म्हणूनच ३१ मार्च २०१९ रोजी इमामोग्लू यांनी माजी पंतप्रधान बिनाली यिल्दिरिम यांना सुमारे तेरा हजार मतांनी हरविले, तेव्हा हा पराभव पचविणे सत्ताधाऱ्यांना जड गेले. निवडणूक मंडळाने ६ मे रोजी तो निकालच रद्द केला. २३ जूनला फेरमतदान झाले आणि मताधिक्य तेरा हजारांवरून आठ लाखांच्या घरात गेले. मतदाराचा कौल नाकारला तर तो अधिक मोठ्या आवाजात तोच कौल देतो, याचे इतके ढळढळीत उदाहरण अलीकडच्या निवडणूक इतिहासात क्वचितच सापडेल. २०२४ मध्येही इमामोग्लू पुन्हा निवडून आले. त्यानंतर निवडणुकीच्या मैदानापेक्षा न्यायालयाचा मार्ग अधिक खात्रीचा वाटू लागला असेल, तर नवल नाही.

अर्थात, इस्तंबूलच्या वाट्याला २०२५ मध्ये जे आले, ते देशाच्या आग्नेयेकडील कुर्दबहुल शहरांनी आधीच भोगले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये दियारबाकिर, मार्दिन आणि वान या तीन शहरांचे निवडून आलेले महापौर एकाच दिवशी हटवून तेथे सरकारी प्रशासक नेमले गेले. मार्दिनचे ज्येष्ठ नेते अहमत तुर्क २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी पुन्हा हटविले गेले. त्या वेळी पश्चिम तुर्कस्तानातील मध्यमवर्गाने याची फारशी दखल घेतली नव्हती. एका बाबतीत मात्र इस्तंबूलचे भाग्य थोडे बरे ठरले. तेथे प्रशासक आला नाही. महापालिका सभागृहाने २६ मार्च २०२५ रोजी आपल्यातूनच हंगामी महापौर निवडला आणि नगर प्रशासन विरोधी पक्षाच्या हाती राहिले.

हे तुर्कस्तानात होते, प्रगल्भ लोकशाहीत होत नाही, असे म्हणून मोकळे होण्याची सोय नाही. संसदीय लोकशाहीचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या ब्रिटनने महापौराला तुरुंगात टाकले नाही. त्या देशाने राजधानीचे सरकारच मोडीत काढले.

मे १९८१ मध्ये बृहन्लंडन परिषदेची निवडणूक मजूर पक्षाने जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी पक्षांतर्गत उलथापालथीत केन लिव्हिंग्स्टन हे डाव्या गटाचे नेते परिषदेचे प्रमुख झाले. परिषदेचे कार्यालय, काउंटी हॉल, थेम्स नदीच्या पैलतीरी, संसदेच्या अगदी समोर. लिव्हिंग्स्टन यांनी इमारतीवर लंडनमधील बेरोजगारांचा आकडा मोठ्या अक्षरांत झळकविला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या खासदारांना सभागृहात जाता-येता तो वाचावा लागे. रेल्वे व बसचे भाडे सुमारे एक-तृतीयांशाने उतरविण्याचा त्यांचा निर्णय ब्रॉम्ली या उपनगरी पालिकेने न्यायालयात नेला आणि डिसेंबर १९८१ मध्ये उमराव सभेच्या न्यायाधीशांनी तो बेकायदा ठरविला. तरीही लिव्हिंग्स्टन हटेनात. मग १९८३ च्या जाहीरनाम्यात हुजूर पक्षाने परिषद बरखास्त करण्याचेच आश्वासन दिले. १९८४ मध्ये शहराची वाहतूक मंत्र्यांच्या अखत्यारीत गेली. त्याच वर्षी परिषदेची आगामी निवडणूक रद्द करून मधल्या काळासाठी नेमलेली मंडळी बसविण्याचे विधेयक आले. उमराव सभेने ते अडविले, ही त्या सर्व प्रकरणातील सर्वात विलक्षण घटना म्हणावी लागेल. कोणीही निवडून न दिलेल्या सभागृहाने निवडून आलेल्यांच्या बाजूने उभे राहावे आणि निवडून आलेल्या सभागृहाने विरोधात, असा हा प्रसंग होता. सरकारने मग निवडणूक तर रद्द केलीच, पण जुन्याच सदस्यांना वर्षभर मुदतवाढ दिली. ३१ मार्च १९८६ च्या मध्यरात्री परिषद संपुष्टात आली. पुढील चौदा वर्षे लंडनला स्वतःचे सरकार नव्हते. बत्तीस उपनगरी पालिका, डझनावारी मंडळे आणि मंत्रालये मिळून शहर चालवीत होती. ते चालले, हेही नमूद करायला हवे. पण शहराच्या वतीने बोलणारा कोणी उरला नाही.

मे १९९८ च्या सार्वमतात लंडनकरांनी बहात्तर टक्के मतांनी थेट निवडलेल्या महापौराला होकार दिला. टोनी ब्लेअर यांची ही कल्पना. पण या पदावर लिव्हिंग्स्टन मात्र नकोत, ही त्यांचीच इच्छा. पक्षाने उमेदवारी फ्रँक डॉब्सन यांना दिली, लिव्हिंग्स्टन अपक्ष उभे राहिले आणि मे २००० मध्ये निवडून आले. चौदा वर्षांपूर्वी आपले बोलणे उद्धटपणे तोडण्यात आले होते, ते पुढे चालू करतो, अशा आशयाची त्यांची विजयानंतरची सुरुवात गाजली. १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्य लंडनमध्ये शिरणाऱ्या मोटारींवर पाच पौंडांचा गर्दी-कर लागू झाला. कोणत्याही पक्षश्रेष्ठीने मंजूर न केला असता असा हा निर्णय होता. वर्षभराच्या आत पक्षाने त्यांना सन्मानाने परत घेतले, हा राजकारणातील व्यवहार.

लंडनच्या महापौराचे बळ कायद्याच्या एका साध्या कलमात आहे. त्याचा अर्थसंकल्प बदलायचा तर पंचवीस सदस्यांच्या सभेत दोन-तृतीयांश मते लागतात. तिजोरीच्या चाव्या मात्र व्हाइटहॉलने कधीच पूर्णपणे सोडल्या नाहीत. २०२० च्या महासाथीत प्रवासी घटल्याने लंडनची वाहतूक संस्था डबघाईला आली, तेव्हा सरकारने मदत दिली ती भाडेवाढीच्या आणि संस्थेच्या बैठकांना आपले प्रतिनिधी बसविण्याच्या अटीवर. महापौर सादिक खान मजूर पक्षाचे; आणि अटी घालणारे पंतप्रधान बोरिस जॉन्सन हे त्यांच्या आधी आठ वर्षे त्याच खुर्चीवर बसलेले. खुर्ची बदलली की शहराच्या स्वायत्ततेविषयीचे मतही बदलते, हे एर्दोगान यांच्यापुरते मर्यादित नाही.

पॅरिसने तर याहून लांबचा पल्ला गाठला. १८७१ च्या कम्यूनचा उठाव चिरडल्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ फ्रान्सच्या राजधानीला महापौरच नव्हता. सरकारने नेमलेले दोन प्रीफेक्ट कारभार पाहत. १९७५ च्या कायद्याने पद परत आले आणि मार्च १९७७ मध्ये त्यावर झाक शिराक बसले. सात महिन्यांपूर्वीच पंतप्रधानपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या शिराक यांनी अध्यक्ष जिस्कार द’एस्तँ यांचा उमेदवार हरविला होता. अठरा वर्षे त्यांनी ते नगरभवन स्वतःच्या पक्षाचे ठाणे म्हणून वापरले आणि १९९५ मध्ये तेथून ते थेट अध्यक्षीय प्रासादात गेले. महापौर असतानाच्या बनावट नोकऱ्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. महापौरपद ही नेहमीच शिडी ठरते असे नाही; २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॅरिसच्या महापौर अॅन इदाल्गो यांना दोन टक्केही मते पडली नाहीत. याउलट इंडोनेशियात सोलो या मध्यम शहराचे महापौर जोको विडोडो २०१२ मध्ये जाकार्ताचे गव्हर्नर आणि दोन वर्षांत देशाचे अध्यक्ष झाले.

भारताला ही शिडी अपरिचित नव्हती. १९२० च्या दशकात चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर होते, वल्लभभाई पटेल अहमदाबादचे नगराध्यक्ष, जवाहरलाल नेहरू अलाहाबादचे आणि राजेंद्रप्रसाद पाटण्याचे. १९३० मध्ये सुभाषचंद्र बोस कलकत्त्याचे महापौर झाले. स्वतंत्र भारताचे पहिले पंतप्रधान, पहिले उपपंतप्रधान आणि पहिले राष्ट्रपती, तिघांनीही गटारे आणि पाणीपट्टी यांच्या फायली हाताळल्या होत्या. पण सत्ता मिळाल्यावर या पिढीने शहरांना काय दिले? मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे ठेवले होते. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना सोयीची असलेली तीच रचना १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका कायद्यातही उतरली. १९५८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या महापौर अरुणा असफअली झाल्या. १९४२ मध्ये गोवालिया टँकवर तिरंगा फडकविणाऱ्या या नेत्याला मिळालेले पद प्रामुख्याने सभा चालविण्याचे होते. आयुक्ताची नेमणूक केंद्राची, पोलीस केंद्राचे, जमीन केंद्राची आणि महापौराची मुदत एक वर्ष. ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनात्मक स्थान दिले खरे. महापौर कसा निवडायचा आणि त्याला कोणते अधिकार द्यायचे, हे मात्र राज्यांवर सोपविले. राज्यांनी ते दिले नाहीत.

दोष केवळ दिल्लीश्वरांना देऊन चालणार नाही. १९९६ मध्ये एम. के. स्टॅलिन चेन्नईचे थेट निवडलेले महापौर झाले, २००१ मध्ये पुन्हा निवडून आले. २००२ मध्ये जयललिता सरकारने आमदार व महापौर ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे नसावीत असा कायदा केला आणि स्टॅलिन यांना महापौरपद सोडावे लागले. महाराष्ट्रातही नागपूरचे माजी महापौर देवेंद्र फडणवीस आणि मुंबईचे माजी महापौर मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. तथापि ते पक्षाच्या बळावर. महापौर म्हणून केलेल्या कामावर मते मागण्याइतके काम करण्याचा अधिकारच त्या पदाला नव्हता. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचे राज्य होते आणि रस्त्यावर मोठे आंदोलन झाले नाही. इस्तंबूलमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, कारण त्यांच्याकडून काही तरी हिरावले गेले होते. २०१६ मध्ये शशी थरूर यांनी थेट निवडलेल्या, कार्यकारी अधिकार असलेल्या महापौरासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकांचे जे होते, तेच त्याचेही झाले.

दिल्लीत या हलक्या पदासाठीही किती झुंज झाली, हे २०२३ ने दाखविले. २०१२ मध्ये तीन तुकडे केलेली महापालिका २०२२ मध्ये संसदेने पुन्हा एक केली. डिसेंबरच्या निवडणुकीत आम आदमी पक्षाला २५० पैकी १३४ जागा मिळाल्या. नायब राज्यपालांनी नेमलेले दहा सदस्य मतदान करणार की नाही, यावर सभागृहात हातघाई झाली आणि महापौराची निवड तीनदा रखडली. १७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मताधिकार नसल्याचे सांगितल्यावर २२ फेब्रुवारीला शेली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी महापौर झाल्या. पाच कोटी रुपयांवरील कामांना मंजुरी देणारी स्थायी समिती मात्र त्यानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात येऊ शकली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दहा जणांची नेमणूक नायब राज्यपाल दिल्ली सरकारच्या सल्ल्याविना करू शकतात, असाही निर्वाळा दिला.

त्या निवडणुकीत पराभूत झालेल्या भाजपच्या उमेदवार होत्या रेखा गुप्ता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दिल्लीच्या मुख्यमंत्री झाल्या. दोन महिन्यांनी महापालिकाही त्यांच्या पक्षाकडे आली. आम आदमी पक्षाने महापौराच्या निवडणुकीत उमेदवारच दिला नाही. नव्या महापौरांची मुदत, कायद्याप्रमाणे, एक वर्षाची होती.