ग्वाशमध्ये झटपट व्यक्तिचित्र

ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसलेल्यांना पोस्टर कलर आठवतील. ते याचंच स्वस्तातलं भावंड. गंगाखेडला गोदाकाठी टेकलेले आजोबा फार वेळ एका जागी बसत नाहीत, म्हणून डोळे-नाक कोरत बसू नका. मोठ्या ब्रशने आधी पागोट्याखालची सावली, गाल, मान असे तीन-चार ठसठशीत तुकडे लावा. पांढऱ्या मिशा शेवटी, घट्ट रंगात. वाळल्यावर गडद छटा बहुधा उजळते, फिकी किंचित काळवंडते. कागदाच्या कडेला वाळवून पाहा. परभणीच्या उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच सुकतो, खाली ओलं फडकं हवंच. सुकलेला थर पाण्याने पुन्हा सुटतो, तेव्हा वरून ब्रश एकदाच फिरवा. आणि हो, रंग काढण्याआधी आजोबांना विचारा!