हप्त्याचे चित्र कसे काढावे?

चोराचे चित्र काढणे सोपे आहे. अंगावर काळे कपडे, हातात सुरा, पाठीवर गाठोडे, की झाला चोर! पण पोलीसच चोराला सामील असला तर? आणि तोही एकटादुकटा नव्हे, अवघे ठाणेच सामील असले, तर जाहिरातीचे पोस्टर करणाऱ्याने काढायचे तरी काय?

सिडने ल्युमेट यांच्या १९७३ सालच्या ‘सेर्पिको’ या अमेरिकन चित्रपटापुढे हीच अडचण होती. कथा खरी आहे. फ्रँक सेर्पिको १९५९ साली न्यूयॉर्कच्या पोलीस दलात दाखल झाला. पुढे साध्या वेषात काम करताना त्याला दिसले, की जुगारवाल्यांकडून दरमहा पैसे येतात आणि ते ठरल्याप्रमाणे वाटले जातात. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात, तिकडे ‘पॅड’ म्हणत. सेर्पिकोने आपला वाटा नाकारला. वरिष्ठांच्या पायऱ्या झिजवल्या, पण कोणी दाद घेईना. अखेर एप्रिल १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे प्रकरण छापले, तेव्हा कुठे महापौर लिंडसे यांनी चौकशीसाठी नॅप आयोग नेमला. फेब्रुवारी १९७१ मध्ये एका छाप्यात सेर्पिकोच्या तोंडावर गोळी लागली. तो वाचला, पण डाव्या कानाने बहिरा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने आयोगापुढे उघड साक्ष दिली.

आता पोस्टरकडे वळू. पोस्टर ही बसून वाचायची वस्तू नव्हे, ती जाता जाता दिसायची वस्तू. त्या काळचे अमेरिकन पोस्टर २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच असे. एवढ्या जागेत दोन क्षणांत सारे सांगायचे! म्हणून पोलिसी चित्रपटांच्या पोस्टरवर बहुधा पिस्तूल, धावती मोटार नि ज्वाळा दिसतात. पण हप्ता हा ज्वाळांतला गुन्हा नाही. तो चहाच्या पेल्याइतक्या सहजपणे हातोहात फिरतो. त्याचे चित्र निघत नाही. म्हणून ‘सेर्पिको’च्या पोस्टरने घेणारे सोडून दिले आणि न घेणारा दाखवला: अल पचिनोचा दाढीवाला, थकलेला चेहरा. खालच्या मजकुराचा भाव एवढाच, की प्रामाणिक पोलीस हा त्याच्या सोबत्यांनाच सर्वांत धोक्याचा वाटत होता.

ही दाढी उगाच नाही बरं का. पचिनोने ती आधी वाढवली, चित्रीकरण शेवटाकडून सुरुवातीकडे केले, आणि दाढी-केस टप्प्याटप्प्याने कापत नेले. पडद्यावर मात्र गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण शिपाई हळूहळू जटाधारी, एकाकी माणूस होतो. त्या प्रवासाचा शेवट पोस्टरवर आधीच लावलेला असतो.

नॅप आयोगाने लाचखोर पोलिसांचे दोन वर्ग सांगितले: मांस खाणारे आणि गवत खाणारे. पहिले शिकार शोधत हिंडतात, दुसरे समोर येईल तेवढे मुकाट्याने चरतात. आणि बहुसंख्य असतात ते हे दुसरेच! त्यांच्यामुळेच लाच घेणे ही रीत ठरते आणि नाकारणारा विक्षिप्त ठरतो.

आपल्याकडे गोविंद निहलानी यांनी १९८३ साली ‘अर्धसत्य’मध्ये मुंबईच्या सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकरची अशीच कोंडी दाखवली. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा. आणि पाहताना खलनायकापेक्षा, मागे उभे राहून काहीच न बोलणाऱ्या सहकाऱ्यांकडे अधिक लक्ष द्या. पोस्टरवर त्यांना जागा मिळत नाही, पण हप्ता चालतो तो त्यांच्याच जिवावर.