लोखंडावरचा तांबेरा : बर्फाळ मुलुखातील जुन्या ट्रकची कथा

लोणच्याची बरणी चिनी मातीची का, लोखंडी डबा का नाही, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. कैऱ्या-मिठाच्या हाताने धरलेला विळा दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतो. मिठात विसरलेला लोखंडी चमचा काही दिवसांत पार खाल्ला जातो. मीठ आणि लोखंड यांचे हे वैर आपल्याकडे स्वयंपाकघरापुरते आणि कोकणच्या किनाऱ्यापुरते आहे. परंतु अमेरिकेच्या ईशान्येकडे, पंचमहासरोवरांच्या काठी आणि शेजारच्या कॅनडात हिवाळ्याचे चार-पाच महिने सरकारच रस्त्यावर मीठ टाकते, आणि तिथल्या शेतकऱ्याचा ट्रक रोज त्या मिठातून धावतो. हा ट्रक म्हणजे बहुधा आपण ज्याला पिकअप म्हणतो तो : पुढे केबिन, मागे उघडा हौदा. चारा, खत, वासरे, दुधाचे कॅन, घरची माणसे, सारे त्यातूनच जाते. इंजिन वीस-वीस वर्षे चालते, पण खालचे लोखंड त्याच्या आधी मरते.

वाचकहो, बर्फावर मीठ टाकायचे कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. साधे पाणी शून्य अंशावर गोठते, मिठाचे पाणी त्याहून खाली. पाण्यात सुमारे २३ टक्के मीठ असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्षात रस्त्यावर इतके दाट मीठ राहत नाही, म्हणून साधे मीठ उणे ९-१० अंशांपर्यंतच नीट काम देते. त्याखाली कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१ साली रस्त्यांवर मीठ टाकण्याचे धोरण प्रथम स्वीकारले. आज अमेरिकेत या कामासाठी दर वर्षी सुमारे २ कोटी टनांच्या घरात मीठ लागते. मोटारींचे माहेरघर म्हणून गाजलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातच, जमिनीखाली सुमारे १२०० फुटांवर, मिठाची मोठी खाण आहे. वर गाड्या बनायच्या आणि खालून त्या खाणारे मीठ निघायचे, असा तो योग आहे!

मीठ टाकू नये, असे मात्र कोणी म्हणू नये. निसरड्या रस्त्यावर त्यामुळे पुष्कळ जीव वाचतात. किंमत फक्त लोखंड मोजते.

आता हा गंज धरतो कसा ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय ध्यानात येणार नाहीत. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि हवेतला प्राणवायू, दोन्ही लागतात. ओल्या लोखंडावर अतिसूक्ष्म बॅटऱ्यांसारखी क्रिया चालते : एका जागी लोखंड विरघळते, शेजारच्या जागी प्राणवायू खर्ची पडतो. साध्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, मिठाच्या पाण्यातून सहज वाहते, म्हणून ही क्रिया भरधाव होते. त्यातही गंमत अशी की, जिथे चिखल साचला आहे, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चिकटले आहेत, तिथे प्राणवायू कमी पोहोचतो, आणि नेमके तिथलेच लोखंड विरघळते. गव्हावरचा तांबेरा पानावर दिसतो, हात लावला की बोटाला लागतो. लोखंडाचा तांबेरा आधी आत वाढतो, रंगाखाली, पोकळीत, जोडात. वर पुटकुळी दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मध्ये तो फुगला की पाचर ठोकावी तसे जोड फाकतात.

नव्या क्षारांनी यात भर घातली आहे. साधे मीठ दमट हवेत ओले होते आणि कोरड्या हवेत सुकते. कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइड मात्र बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही पाणी ओढून घेतात. त्यांचा लेप चेसिसला बसला की तो सुकतच नाही म्हणा ना.

जुना ट्रक घेताना किंवा घरचाच तपासताना लोक बाहेरून पाहतात. चाकावरच्या कमानी, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, केबिनचे मागचे खालचे कोपरे इथे पत्रा सडलेला दिसतो आणि मन कष्टी होते. पण हा गंज बहुतेक वेळा दिसण्याचा आहे. त्याने ट्रक कुरूप होतो, लगेच धोक्याचा होतोच असे नाही. खरी परीक्षा खाली, पाठीवर झोपून करायची असते. ट्रकचे सगळे वजन चेसिसच्या दोन लांब तुळयांवर असते. मागच्या चाकांच्या आसपास, जिथे पाटे चेसिसला टांगलेले असतात तिथे, आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडात चिखल व मीठ अडकते. काही ट्रकांच्या तुळया चारही बाजूंनी बंद, पेटीसारख्या असतात. त्या मजबूत खऱ्या, पण आत गेलेला गाळ बाहेर येत नाही.

तिथले जाणते गॅरेजवाले अशा वेळी हातोडी घेतात. चेसिसवर जागोजाग बेताने ठोकत जायचे. चांगले लोखंड खणखणते. सडलेले बद्द बोलते, आणि पापुद्रे गळून पडतात. आपल्याकडे मडके घेताना बोटाने वाजवून पाहतात, तोच प्रकार. एखाद्या जागी हातोडीचे टोक आत गेले, तर त्या ट्रकच्या किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत. खालच्या बाजूला ताजा काळा रंग चोपडलेला दिसला, तर अधिक सावध व्हावे. विकायच्या आधल्या आठवड्यात चेसिस रंगवण्याची हौस कोणाला उगीच येत नाही.

हे केवळ भुरट्या दुरुस्तीचे प्रकरण नाही, मोठ्या कारखान्यांनाही त्याने घाम फोडला आहे. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा या पिकअपच्या १९९५ ते २००० सालांतील गाड्यांच्या चेसिस गंजून भोके पडू लागली, तेव्हा २००८ साली कंपनीने फार सडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट दराने परत विकत घेतल्या. २००९ मध्ये थंड राज्यांतील सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा ट्रक परत बोलवावे लागले, कारण जादा चाक ज्या आडव्या पट्टीला अडकवलेले असते तीच गंजून चाक रस्त्यावर पडण्याचा धोका होता. पुढे २०१६ साली नंतरच्या सुमारे १५ लाख गाड्यांबाबत ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड कंपनीने मान्य केली. तेव्हा गंज हा मालकाच्या निष्काळजीपणानेच लागतो, असे सरसकट म्हणता येत नाही. कारखान्यातच चेसिसला नीट लेप बसलेला नसेल, तर मालक काय करणार?

चेसिसहूनही मला अधिक भीती वाटते ती ब्रेकच्या नळीची. पेन्सिलीहून बारीक, पाऊण मिलिमीटरसुद्धा जाडी नसलेली ही पोलादी नळी चेसिसच्या कडेने मागच्या चाकांपर्यंत जाते. तिला धरून ठेवणाऱ्या चिमट्यांत खारट चिखल साचतो आणि नळी तिथेच आतल्या आत झिजते. रोजच्या साध्या ब्रेकला ती टिकते. समोर अचानक मूल किंवा गुरू आले, पाय करकचून दाबला की दाब वाढतो आणि नेमकी तेव्हाच ती फुटते. ब्रेकचे दोन वेगळे भाग असल्याने पूर्ण ब्रेक जात नाही, पण पेडल खोल जाते आणि गाडी थांबायला फार लांब अंतर लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ सालांतील सुमारे ५० लाख गाड्यांची याच कारणासाठी चौकशी केली. एप्रिल २०१५ मध्ये ती संपवताना प्रशासनाने सांगितले की हा एका कंपनीचा दोष नसून वयाने होणारी झीज आहे, गाड्या परत बोलावण्याची सक्ती नाही. मालकांना सल्ला मिळाला : हिवाळाभर गाडीचे पोट धुवा, आणि सात वर्षांवरील गाडीच्या नळ्या तपासून घ्या. निर्णय कायद्याने बरोबर असेल, पण ज्याच्या घरात एकच जुना ट्रक आहे त्याच्या हाती त्यातून फक्त पाण्याचा पाइप आला.

नळी बदलायचीच असेल तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घ्यावी. ती गंजत नाही आणि हाताने वाकवता येते. सडलेला तुकडा कापून दाबणीचा जोड मारणे ब्रेकच्या बाबतीत कधीही करू नये. नळीचे तोंड दुहेरी फुलवून केलेला जोडच दाब सोसतो.

पत्र्याचे काम मात्र घरच्या घरी पुष्कळ होते. सडलेला भाग चांगले चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा, नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने बसवायचे, आतून-बाहेरून प्रायमर आणि रंग द्यायचा. भोकावर जाळी लावून लांबी भरली व वर रंग मारला, तर पुढच्या हिवाळ्यात फुगा येतो. लांबी पाणी धरून ठेवते आणि आतला गंज निवांत वाढतो. गंज तांबूस पण घट्ट असेल, भोक नसेल, तर सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढून गंज बदलणारे औषध लावतात. त्यात बहुधा टॅनिन असते आणि लावताच तांबडा गंज काळा पडतो. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात हेच टॅनिन आहे. हिरड्याच्या काढ्यात लोखंड पडले की तो काळाकुट्ट होतो, ती हीच करामत. चेसिसचे वेल्डिंग मात्र हौशी माणसाचे काम नव्हे. जड ट्रकांचे पोलाद तापवून-निववून कडक केलेले असते आणि वेल्डिंगच्या आचेने शेजारची जागा कमजोर होते. ब्रेकची नळी आणि इंधनाची टाकी हाताच्या अंतरावर असतात, हेही विसरू नये.

गंज लागण्याआधीचे काम सोपे आणि स्वस्त आहे. थंडी जरा उतरली, पारा शून्याच्या वर आला की गाडीचे पोट, कमानींच्या आतली बाजू, चेसिसच्या पोकळ्या भरपूर पाण्याने धुवायच्या. वसंतात शेवटचे मीठ वाहून गेल्यावर एकदा सावकाश. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक छिद्रे असतात, ती काडीने मोकळी करायची. शेणखत वाहिले असेल तर हौदा त्याच दिवशी धुवायचा. मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजात ठेवणे म्हणजे तिचे लाड नव्हेत. कडाक्यात गंजाची क्रिया मंदावते, ऊब मिळाली की जोर धरते. न धुता आत घेण्यापेक्षा बाहेर थंडीत उभी बरी.

पावसाळी शरदात, मीठ पडण्याआधी, खालून तेलाचा किंवा मेणाचा फवारा दर वर्षी मारतात. कॅनडात तर हा मोठा धंदाच आहे. त्यातले एक औषध मेंढीच्या लोकरीतल्या नैसर्गिक मेणापासून, म्हणजे लॅनोलिनपासून, बनते. मेंढीला पावसापासून वाचवणारी चीज लोखंडालाही उपयोगी पडते. रबरासारखा जाड काळा थर मात्र मला पसंत नाही. तो सुकून तडकतो, तडकीतून खारे पाणी आत शिरते आणि वरून सारे ठाकठीक दिसत राहते. आपल्याकडे नांगराला, पेरणीयंत्राला जळके ऑइल फासतात तसे तिथेही काही जुने शेतकरी ट्रकला फासतात. ते करू नये. त्यात इंजिनातले आम्ल व धातूंचा अंश असतो, रबरी भाग फुगतात, आणि धुऊन निघालेले ऑइल शेवटी जमिनीत व विहिरीत उतरते.

ट्रक ठेवायचा की काढायचा, या प्रश्नाचा हिशेब असा. चेसिस खणखणत असेल, तर पत्रा, नळ्या, टाकीचे पट्टे यांवर केलेला खर्च वाया जात नाही. चेसिस दोन-तीन जागी बद्द वाजत असेल, तर इंजिन कितीही गोड चालो, ते काढून दुसऱ्या गाडीत घालावे. कित्येक जण कोरड्या हवेच्या टेक्सास-ॲरिझोनाकडून बिनगंजाची जुनी गाडी आणतात. प्रवासखर्च धरूनही ते परवडते.

रस्त्यावरचे मीठ कमी करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. साखर-बीटची मळी मिठाच्या पाण्यात मिसळली की ते रस्त्याला चिकटून राहते आणि कमी मिठात काम होते. विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा मुलूख. तिथल्या मिलवॉकी शहराने २०१३-१४ च्या हिवाळ्यात चीजच्या कारखान्यातले वाया जाणारे खारे पाणी वापरून पाहिले. रस्त्याला चीजचा थोडा वास येतो म्हणतात! लोखंडाच्या दृष्टीने ते खारे पाणीच.

आपल्याकडे बर्फ नाही, पण क्षार आहेत. रत्नागिरी-मालवणकडून मासळी वाहणाऱ्या टेम्पोचा हौदा बर्फाच्या खाऱ्या पाण्याने ठिबकत असतो. आणि तुमच्या शेतातल्या पेरणीयंत्राची खताची पेटी? म्युरेट ऑफ पोटॅश हेही क्लोराइडच, मिठाचे सख्खे भावंड. पेरणी आटोपल्यावर पेटीत राहिलेले मूठभर खत काढून टाका, पेटी व नळ्या पाण्याने धुवा, उन्हात पुरत्या वाळवा आणि मगच ग्रीसचा हात फिरवा. ओल्यावर ग्रीस लावले तर पाणी आतच कोंडते.