विंचूरची माणसे: एका गावात मावलेले अनेक मुलूख

अमेरिकेतल्या एखाद्या लहान शेतकरी गावाची माहिती काढली, की पहिल्या काही ओळींतच गोरे किती, काळे किती, आशियाई किती हे टक्क्यांत वाचायला मिळते. तिथे १७९०च्या पहिल्या जनगणनेपासून वंश नोंदवण्याची पद्धत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या, निफाड तालुक्यातल्या विंचूरचा असा तक्ता मिळत नाही. कोणी मांडलाच तर तो खोटा ठरेल, कारण विंचूरची माणसे वंशाच्या कप्प्यांत बसत नाहीत. ही माणसे एकमेकांशेजारी कशी आली, याची हकिगत मात्र थक्क करणारी आहे.

ती समजून घ्यायला आधी नाशिकच्या पांडवलेण्यांत जायला हवे. तिथल्या सतराव्या लेण्यात दात्याचे नाव कोरले आहे: धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा यवन. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा माणूस, पण बाप-लेकांची नावे अस्सल भारतीय. दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. तो शक होता. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली, असे तो सांगतो. ती स्वतःला शकनिका, म्हणजे शक स्त्री म्हणवते. बापाचे नाव अग्निवर्मा. सतराशे ते एकोणीसशे वर्षांपूर्वी गोदावरीच्या या खोऱ्यात ग्रीक, शक, आभीर आणि सातवाहनांची प्रजा एकाच डोंगरात दानधर्म करत होती. पुढे ग्रीक आणि शक वेगळे उरले नाहीत. इथल्याच माणसांत मिसळले.

या मिसळण्याचा उलटाच अर्थ लावला हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने. १९०१च्या जनगणनेचा तो आयुक्त. माणसांच्या डोक्याची लांबी-रुंदी आणि नाकाची मापे घेऊन त्याने हिंदुस्थानातल्या लोकांचे सात वांशिक प्रकार पाडले. कुणबी आणि मराठी ब्राह्मण त्याने ‘शक-द्राविड’ या प्रकारात घातले, म्हणजे विंचूरच्या शिवारात नांगर धरणारा आणि वाड्यातला ब्राह्मण सरदार दोघेही एकाच खान्यात! डोकी रुंद दिसतात, त्या अर्थी शकांचे रक्त असणार, असा त्याचा तर्क. तो टिकला नाही.

टिकला नाही याचे बरेचसे श्रेय मराठी मुलखातल्या अभ्यासकांचे आहे. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी रिस्लेच्या पद्धतीच्या मर्यादा दाखवल्या. घुर्यांचेच आकडे हाताशी घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या आपल्या ग्रंथात युक्तिवाद केला, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, त्यांची मापे एकाच वंशाची साक्ष देतात. इरावती कर्वे बर्लिनमध्ये वंशवादी ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकल्या, कवट्या मोजल्या आणि गुरूला हवा असलेला निष्कर्ष आकडे देत नाहीत हे निर्भीडपणे मांडले. पुढे महाराष्ट्रातल्या जातीजातींची मापे घेताना त्यांना दिसले, की एकच नाव आणि एकच धंदा असलेले गटसुद्धा मुळात एक नसतात. आपल्याकडे हे काम शाळेत शिकवत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

अलीकडे जनुकशास्त्राने त्यात भर घातली. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे शास्त्रज्ञ आणि परदेशी सहकारी यांनी २०१३मध्ये भारतातल्या ७३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि तिच्यातून भिल्लांसारखे एकटे मानले गेलेले समाजही सुटले नाहीत, असे त्यातून दिसते. नंतर मात्र जातीबाहेर लग्न बंद झाले. गट वेगळे दिसतात ते या बंदीमुळे.

आता विंचूर. अठराव्या शतकात गावाला मोठेपण आले ते विठ्ठल शिवदेव या सरदारामुळे. घराणे मूळ सासवडकडचे, आडनाव दाणी, जातीने देशस्थ ब्राह्मण. पानिपतच्या रणातून ते जिवंत परतले. जहागिरीच्या गावावरून घराण्याला विंचूरकर हे नाव पडले. शेजारचे येवलेही माधवराव पेशव्यांनी याच घराण्याकडे दिले. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या ज्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहत होते, तो याच विंचूरकरांचा. सरदाराचे ठाणे म्हटले की घराण्याबरोबर कारकून, शिलेदार, पागेचे लोक, भटजी, सोनार, कासार यांची वस्ती होते. ती आधीच्या गावगाड्याच्या शेजारी होते: मराठा-कुणबी, माळी, धनगर, कोळी, वंजारी, महार, मांग, चांभार, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आणि मुसलमान. येवल्यात पैठणीच्या मागांपायी गुजराती वाणी, खत्री, कोष्टी आणि मोमीन आले. मुंबई-भुसावळ लोहमार्ग जवळच्या लासलगावावरून गेला आणि मारवाडी जैन व्यापारी या टापूत स्थिरावले.

प्रत्येक समाज एखादे काम घेऊन आला, ही गोष्ट आजही लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात उघड्या डोळ्यांनी दिसते. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीभोवती जमतो, कोणी कांदा उचलून दाबून बघतो, पत्ती तपासतो, बोली चढते, सौदा ठरतो आणि शेतकऱ्याच्या हाती सौदापट्टी येते. मग ट्रॉली काट्यावर जाते आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. या एका ट्रॉलीला किती जणांचे हात लागतात! रोप लावणाऱ्या आणि कांदा काढून कापणाऱ्या बायांत आदिवासी आणि दलित घरांतल्या पुष्कळ असतात. माल मराठा, माळी किंवा वंजारी शेतकऱ्याचा, मापारी आणि हमाल वेगवेगळ्या घरांतले, घेणारा बहुतेकदा मारवाडी किंवा मराठी व्यापारी. खळ्यावर निवड करायला पुन्हा बायाच.

द्राक्षांनी यात आणखी एक मुलूख आणला. एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या डोंगरी तालुक्यांतून कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, भिल्ल मजुरांच्या टोळ्या निफाड तालुक्यात उतरतात. छाटणी, पेस्ट लावणे, विरळणी, डिपिंग, घड उतरवणे, सगळे त्यांच्या हातचे. राज्याने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि विंचूरला वाइन पार्क उभा राहिला, तेव्हा परप्रांतातले तंत्रज्ञही आले. मळ्याच्या कडेच्या खोपटांत राहणारे हे छाटणीचे मजूर गावाच्या यादीत बहुधा नसतात. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण २५.६ टक्के होते, राज्यात अवघे ९.३५. चारांतला एक माणूस आदिवासी असलेल्या जिल्ह्यात आदिवासी फक्त हंगामापुरते गावाचे व्हावेत, हे मला मान्य नाही.

नोंद माणसाला कशी लपवते, याचे आणखी मोठे उदाहरण येवल्यापासून सुरू होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. १९५६च्या धर्मांतरानंतर इथल्या महार वस्त्या बौद्ध झाल्या. पण बौद्ध लिहिणाऱ्याला केंद्र सरकार अनुसूचित जातीत धरत नव्हते. म्हणून १९६१पासून १९८१पर्यंतच्या जनगणनांत ही माणसे त्या आकड्यांतून गळाली. १९९०मध्ये कायदा दुरुस्त झाला. २०११मध्ये देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते.

बाकीच्या जातींची तर १९३१नंतर सार्वत्रिक मोजणीच नाही. त्या वर्षी देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी सांगितलेली आणि प्रगणकांनी जमेल तशी लिहिलेली नावे ४६ लाखांवर गेली. एकट्या महाराष्ट्रातून सव्वाचार लाखांवर नावे आली, सरकारी याद्यांत मात्र ४९४. आडनाव, पोटजात, कूळ, गाव, सगळे जातीच्या रकान्यात उतरले होते.

आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनाच्या जनगणनेत जात पुन्हा विचारली जाणार आहे. विंचूर, लासलगाव, निफाड, येवल्याच्या वाचकांना माझी विनंती आहे: प्रगणक दारी येईल तेव्हा आडनाव न सांगता जातीचे नाव नीट उच्चारून सांगा आणि त्याने काय लिहिले ते वाचून बघा. मातृभाषेच्या रकान्यात लहानपणी आई तुमच्याशी बोलायची तीच भाषा लिहायला लावा, मग ती अहिराणी असो, भिली असो, कोकणा असो की मराठी. आणि तुमच्या मळ्यावर छाटणीला आलेली टोळी असेल, तर प्रगणकाला त्या खोपटापर्यंत घेऊन जा.