पूरकालीन संदेश-जाल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सांगलीच्या पुराचे मूळ बव्हंशी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत असते. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते, वारणा सांगलीनजीक हरिपूरला. म्हणून महाबळेश्वर, नवजा व कोयनानगर येथील पावसाचे आकडे सांगलीस वेळेवर कळणे अगत्याचे असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाची स्वयंचलित केंद्रे आकडे उपग्रह व मोबाइल यांच्या द्वारे पाठवितात. अशी केंद्रे, कॅमेरे व दरवाजांची यंत्रे उद्या एकाच जाळ्यात आली, तर त्यांच्या संदेशांचे नियमन कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुन्या पद्धतीच्या जाळ्यात प्रत्येक राउटर संदेशाची वाट स्वतः ठरवितो आणि संदेश वाहूनही नेतो. सॉफ्टवेअर-निर्धारित जाळ्यात ही दोन कामे अलग केली जातात. निर्णय मध्यवर्ती नियंत्रक घेतो. स्विच त्याने दिलेल्या नियमांप्रमाणे केवळ वहन करतात. २००८ साली मांडलेल्या ओपनफ्लो या संकेतपद्धतीमुळे ही विभागणी प्रचारात आली. तिचा लाभ उघड आहे: एक दुवा तुटताच नियंत्रक संपूर्ण जाळे दृष्टीसमोर ठेवून नवी वाट आखू शकतो.

उपकरणे हजारोंनी वाढली की सर्व नियम हाताने लिहिणे अशक्य होते. येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होतो. मागील वाहतुकीवरून ती कोंडीचा अंदाज बांधते, वाटा सुचविते आणि विपरीत वर्तन हेरते. परंतु यातच दोन धोके संभवतात.

पहिला धोका उद्दिष्टाचा. ‘जास्तीत जास्त माहिती वाहून न्यावी’ एवढेच उद्दिष्ट यंत्रास दिले, तर कॅमेऱ्याच्या अवजड चित्रांपुढे पर्जन्यमापकाच्या चार आकड्यांना किंमत उरत नाही. वस्तुतः पुराच्या रात्री त्या चार आकड्यांचेच मोल अधिक. तेव्हा संदेशाचे महत्त्व त्याच्या आकारमानावरून ठरविता कामा नये.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. अतिवृष्टीत अनेक केंद्रे एकाच वेळी, नेहमीपेक्षा वारंवार संदेश पाठवू लागतात. जाळ्यावर शत्रूने केलेला संदेशांचा भडिमारही बाह्यतः असाच दिसतो. नित्याच्या दिवसांवर शिकलेले यंत्र या दोहोंत गल्लत करून नेमकी पुराची वार्ताच अडवील. महापूर विरळा असतो. यंत्राच्या अनुभवात तो जवळजवळ नसतोच.

यावर उपाय असे की, पर्जन्य व पातळीच्या संदेशांना राखीव वाट द्यावी, आणि तो नियम बदलण्याचा अधिकार यंत्रास नसावा. पडताळणी २००५ व २०१९ च्या पुरांच्या नोंदींवर करावी. केवळ सरासरी विलंब पाहून समाधान मानू नये. नियंत्रकाशी संपर्क तुटल्यास स्विचांनी पूर्वी दिलेल्या नियमांवर काम चालू ठेवावे. दुसरा नियंत्रक पूररेषेबाहेर असावा, हे तर सांगावयासच नको.

सारांश, कृत्रिम बुद्धिमत्तेने वाटा सुचवाव्यात. परंतु कोणता संदेश कदापि अडवावयाचा नाही, हे नदी जाणणाऱ्या माणसांनीच आधी ठरविले पाहिजे. म्हणून संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नास हात घालताना जलविज्ञानाच्या अभ्यासकांना सोबत घेणे इष्ट होय.